हेपॅटायटिस सी: पुन्हा कोर्स सुरू करण्याआधीचं काम

मामांची फाइल निळ्या प्लास्टिकची आहे. बटण कधीचं तुटलंय, म्हणून तिला रबर लावलेलं असतं. दिवाळीनंतरच्या रविवारी मी ती सतरंजीवर पसरली आणि एकेक कागद सालवार लावायला घेतला. मामी म्हणाली, "अगं, डॉक्टर बघतील की ते सगळं. तू कशाला डोकं घालतेस?" डॉक्टर बघतीलच. पण ओपीडीत एका माणसाच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात, आणि या फाइलीत अठरा वर्षं कोंबलेली आहेत.

मामांना हेपॅटायटिस सी आहे. दोनदा उपचार झाले, दोन्ही फसले, आता तिसऱ्यांदा सुरू व्हायचेत. मी डॉक्टर नाही. पंधरा वर्षं मेडिकलच्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभी आहे. तिथून एक गोष्ट कायम दिसते. पुन्हा कोर्स करायचा म्हटलं की सगळ्यांचा जीव 'कोणती गोळी, केवढ्याला, कुठे मिळेल' यातच अडकतो. मागचा कोर्स का फसला, हे क्वचितच कुणी विचारतं. आणि नव्या कोर्सचं सगळं गणित त्याच उत्तरावर बसतं.

खरंच परत आलाय का?

हा प्रश्न बावळट वाटेल, पण इथूनच सुरुवात करायची. मध्यंतरी एक गृहस्थ दुकानात आले, चेहरा उतरलेला. हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत 'एचसीव्ही पॉझिटिव्ह' आलं होतं. तीन वर्षांपूर्वी कोर्स पूर्ण करून ते बरे झाले होते. "म्हणजे सगळं पाण्यात गेलं का?"

गेलं नव्हतं. ऑपरेशनआधी करतात ती झटपट तपासणी अँटिबॉडीची असते. अँटिबॉडी म्हणजे विषाणूशी शरीराची कधीतरी गाठ पडली होती, याची खूण. विषाणू गेला तरी ती खूण बहुतेकांच्या रक्तात राहते, अनेकदा जन्मभर. विषाणू आज रक्तात आहे का, हे एचसीव्ही आरएनए या तपासणीतून कळतं. तिला आपण सगळे 'व्हायरल लोड' म्हणतो. त्या गृहस्थांचा व्हायरल लोड शून्य होता, आणि पुन्हा उपचार घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्या खुणेचा संरक्षण म्हणूनही उपयोग नाही, हे मात्र लक्षात असू द्या. एकदा बरा झालेला माणूस पुन्हा बाधित होऊ शकतो. हेपॅटायटिस सीवर लसही नाही.

व्हायरल लोड खरंच पॉझिटिव्ह आला, तर तो केव्हा आला ते बघायचं. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्तात विषाणू सापडला नाही, तर माणूस बरा झाला असं धरतात. नुसतं गोळ्या संपल्याच्या दिवशी 'निल' येणं म्हणजे बरं होणं नव्हे. दुकानात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच दिसतो. शेवटचा डबा संपतो, अंगात तरतरी असते, यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी खाली आलेलं असतं. मग बारा आठवड्यांनी परत जायचंय हे कोण लक्षात ठेवणार?

कोर्स चालू असतानाच विषाणू कधी हटला नसेल, किंवा हटून मध्येच वर आला असेल, तर गोळ्या पोटात नीट जात होत्या का, ही पहिली शंका. कोर्स संपताना निल आणि नंतरच्या काही आठवड्यांत परत पॉझिटिव्ह, तर तो जुनाच विषाणू उलटलाय. आणि बारा आठवड्यांची तपासणीही स्वच्छ होती, मग वर्ष-दोन वर्षांनी पॉझिटिव्ह आलं, तर बहुधा नव्यानेच लागण झाली आहे. डायलिसिसवर असलेल्यांत, सतत रक्त चढवावं लागणाऱ्यांत, सुईने नशा करणाऱ्यांत हे घडतं. जुन्या रिपोर्टवर जिनोटाइप, म्हणजे विषाणूचा उपप्रकार, ३ आणि नव्यावर १ असेल, तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

फरक महत्त्वाचा आहे. नव्याने लागलेल्या विषाणूने तुमची औषधं पाहिलेली नसतात. त्याला साधा पहिला कोर्स सहसा पुरतो. उलटलेल्या विषाणूने ती औषधं पाहिलेली असतात, त्यांतून तो वाचलेला असतो.

विषाणू औषध 'बघतो' म्हणजे काय

हेपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ साली सापडला. त्याआधी या आजाराला 'नॉन-ए, नॉन-बी' म्हणत, म्हणजे ए नाही आणि बीही नाही, इतकंच ठाऊक होतं. हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना या कामासाठी २०२० चं नोबेल मिळालं.

विषाणूची सगळी कुंडली साधारण ९,६०० अक्षरांची, आरएनएमध्ये लिहिलेली. यकृताच्या पेशीत शिरून तो तिच्या प्रती काढत बसतो. बाधित माणसाच्या शरीरात दिवसाला एक लाख कोटींच्या घरात नवे विषाणू तयार होतात, आणि प्रती काढणाऱ्या त्याच्या यंत्राला चुका तपासायची सोय नाही. घाईत झेरॉक्स काढणाऱ्या पोऱ्यासारखं काम. कुठे अक्षर उडालं, कुठे भलतंच उमटलं. बहुतेक चुका विषाणूलाच भोवतात. पण इतक्या प्रतींत एखादी अशी निघते की नेमकी ती चूक औषधाला चकवते. औषध सुरू झालं की बाकीचे मरतात आणि तेवढा एक उरतो. पुरेसा वेळ, पुरेसं औषध मिळालं नाही तर पुढची सगळी प्रजा त्याचीच.

एक दिलासा मात्र इथेच आहे. हेपॅटायटिस बीचा विषाणू पेशीच्या केंद्रकात ठाण मांडून बसतो, म्हणून तो दाबता येतो पण मुळासकट काढणं महाकठीण. सीला तशी लपायची जागा नाही. प्रती काढणं पुरेसा काळ बंद पाडलं की तो संपतो. म्हणूनच दोनदा फसलेल्या माणसालाही तिसऱ्यांदा बरं व्हायची चांगली संधी असते.

गोळ्यांची नावं जिभेला पीळ पाडतात, पण त्यांच्या शेपटीकडे बघा. शेवटी '-बुव्हिर' असेल तर ते औषध प्रती काढणाऱ्या यंत्रात खडा टाकतं: सोफोसबुव्हिर. '-आस्व्हिर' असेल तर ते एनएस-फाइव्ह-ए नावाच्या, विषाणूच्या जुळणीत लागणाऱ्या प्रथिनाला धरतं: डाक्लाटास्व्हिर, लेडिपास्व्हिर, वेल्पाटास्व्हिर. '-प्रेव्हिर' असेल तर ते विषाणूची कात्री अडकवतं, ज्या कात्रीने तो आपलं लांबलचक प्रथिन कापून सुटे भाग बनवतो: ग्लेकाप्रेव्हिर, वॉक्सिलाप्रेव्हिर.

मागच्या चिठ्ठीवर कोणती शेपटी होती, हे पुन्हा कोर्स करणाऱ्याला माहीत असायलाच हवं. '-बुव्हिर'ला चकवणारी चूक करून विषाणू स्वतःच लंगडा होतो, म्हणून ती क्वचित टिकते. म्हणून सोफोसबुव्हिर दुसऱ्यांदाही वापरता येतं. '-प्रेव्हिर'ला चकवणारे विषाणू औषध थांबल्यावर काही महिन्यांत मागे पडतात. '-आस्व्हिर'ला चकवणारे मात्र वर्षानुवर्षं तसेच राहतात. डाक्लाटास्व्हिर फसलं असेल आणि तीच जोडी, तेवढेच दिवस पुन्हा दिली, तर विषाणूला काही फरक पडेलच असं नाही. 'मागच्या वेळी या गोळ्या सोसल्या होत्या, त्याच द्या' असं सांगणारे भेटतात. सोसल्या होत्या, हे खरं. विषाणूलाही सोसल्या होत्या.

मामांच्या कागदांत काय निघालं

१९९४ साली मामांचा ट्रकला अपघात झाला आणि रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या. त्या काळी आपल्याकडे दात्याच्या रक्ताची हेपॅटायटिस सीसाठी सक्तीने तपासणी होत नव्हती. ती या शतकाच्या सुरुवातीला आली. लागण बहुधा तिथलीच. नक्की सांगता येणार नाही, आणि आता त्याचा उपयोगही नाही.

२००७ साली पहिला उपचार झाला: आठवड्याला इंटरफेरॉनचं एक इंजेक्शन आणि रोज रायबाव्हिरिनच्या कॅप्सूल. जिनोटाइप ३, म्हणून चोवीस आठवडे ठरले होते. हा आपल्या देशातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. फ्रिजच्या दारात अंड्यांच्या वरच्या खणात ती इंजेक्शनं असायची, आम्हा मुलांना त्या खणाला हात लावायची बंदी. दर शुक्रवारी इंजेक्शन, शनिवारी ताप, आणि हळूहळू मामा बोलायचेच बंद झाले. मन खचणं हा इंटरफेरॉनचा नोंदलेला दुष्परिणाम आहे, पण आम्हाला तो स्वभावातला बदल वाटला. प्लेटलेट खाली आल्यावर अकराव्या आठवड्यात उपचार थांबवले.

पण इंटरफेरॉन विषाणूच्या एखाद्या भागाला धरत नाही, ते शरीराच्या प्रतिकारशक्तीला चेतवतं. त्यामुळे ते फसलं तरी विषाणू नव्या गोळ्यांना सरावत नाही. मधल्या काळात म्हातारं झालं ते यकृत.

गोळ्यांचं युग आलं २०१३च्या डिसेंबरात, अमेरिकेत सोफोसबुव्हिरला मान्यता मिळाली तेव्हा. एका गोळीला हजार डॉलर, बारा आठवड्यांचे ८४ हजार. भारतातल्या कंपन्यांना परवाने मिळाले आणि २०१५ साली अठ्ठावीस गोळ्यांचा डबा वीस हजाराच्या आसपास आमच्या काउंटरवर आला. मग किमती घसरतच गेल्या. २०१६ साली पंजाबने राज्यभर मोफत उपचार सुरू केले, आणि २८ जुलै २०१८ला केंद्राचा राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तपासणी फुकट, गोळ्या फुकट. मामांना २०१९मध्ये त्यातूनच सोफोसबुव्हिर आणि डाक्लाटास्व्हिर मिळालं, बारा आठवडे, प्रत्येकी ८४ गोळ्या. एकही चुकली नाही. मामीने रिकामे डबे धुऊन त्यांत मोहरी-जिरं भरलंय, ते अजून आहेत.

तरी विषाणू उलटला. का? उत्तर त्या वर्षीच्या एका साध्या रक्ततपासणीत होतं.

यकृत किती घट्ट झालंय हे सुई न टोचता ओळखायची दोन गणितं आहेत. दोन्ही कुणालाही मोबाइलवर करता येतात. पहिलं एपीआरआय: एसजीओटीला (हेही एसजीपीटीसारखंच यकृताची इजा दाखवणारं) लॅबच्या वरच्या मर्यादेने भागा, शंभराने गुणा, आणि हजारांत मोजलेल्या प्लेटलेटने भागा. मामांचं एसजीओटी ८४, मर्यादा ४०, प्लेटलेट एक लाख दहा हजार. उत्तर १.९. दोनच्या वर गेलं तर सिऱ्होसिस, म्हणजे वण पडून पडून यकृत कडक होणं, धरतात. म्हणजे थोडक्यासाठी 'नाही'. कुणीतरी तेवढंच करून कागदावर 'नॉन-सिऱ्होटिक' लिहिलं होतं.

दुसरं फिब-४. यात वय येतं. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. मामा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे, एसजीपीटी ७२. हे गणित मी सतरंजीवर तीनदा केलं. ५.२. सव्वातीनच्या वर गेलं की यकृतावर बरेच वण पडलेत असा अंदाज करतात. ५.२ म्हणजे सव्वातीनच्या कुठल्याकुठे पुढे.

आता याचा अर्थ बघा. डाक्लाटास्व्हिर-सोफोसबुव्हिर बारा आठवडे देऊन जिनोटाइप ३ वर जो अभ्यास झाला होता, त्यात सिऱ्होसिस नसलेले ९६ टक्के लोक बरे झाले. सिऱ्होसिस असलेले फक्त ६३ टक्के. गोळ्या त्याच, दिवस तेवढेच, फरक यकृताचा. वणांनी भरलेल्या यकृतात औषध सगळीकडे सारखं पोचत नाही, प्रतिकारशक्तीही थकलेली असते. अशा माणसाला सोफोसबुव्हिर-वेल्पाटास्व्हिरची जोडी किंवा जास्त आठवडे किंवा सोबत रायबाव्हिरिन लागतं. मामा त्या ६३ च्या बाहेरच्यांत निघाले. कुणाच्या तरी पाच मिनिटांच्या घाईत एक भागाकार राहून गेला. यावर मी रागावले, मामा नाही. ते म्हणाले, "तेव्हा रांगेत माझ्यामागे चाळीस जण होते."

गोळी हातात घेण्याआधी

म्हणून या वेळी यकृताची मोजणी पहिली. फायब्रोस्कॅन झाला: २१. साधारण साडेबाराच्या वर सिऱ्होसिस धरतात. हे मशीन पोटाच्या उजव्या बाजूला टिचकी मारून ती किती वेगाने आत जाते ते मोजतं, कलिंगड वाजवून बघतात तसंच. तीन तास उपाशी जायचं, बाकी त्रास काही नाही.

सिऱ्होसिस आहे म्हटल्यावर दुसरा प्रश्न: यकृत काम रेटतंय की थकलंय? डॉक्टर पाच गोष्टी बघतात. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा आयएनआर, पोटात पाणी आणि मेंदूवर परिणाम, म्हणजे दिवसा झोप, रात्री जाग, भ्रम. यांच्या गुणांवरून यकृताचा ए, बी किंवा सी गट ठरतो. मामा 'ए'त बसले. बी आणि सी गटांत '-प्रेव्हिर' शेपटीची औषधं द्यायची नाहीत, ती यकृताला झेपत नाहीत. फार थकलेल्या यकृताला आधी उपचार की आधी प्रत्यारोपण, हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे. तो मोठ्या केंद्रातच सुटतो.

सोबत सोनोग्राफी, यकृतात गाठ नाही ना हे बघायला. दर सहा महिन्यांनी ती करायची, आणि विषाणू गेल्यावरही सुरूच ठेवायची. वण लगेच पुसले जात नाहीत, कॅन्सरचा धोका कमी होतो पण संपत नाही. एंडोस्कोपीही झाली, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला. मामांना ती नळी गिळायची सगळ्यात धास्ती होती. चार मिनिटांत उरकली.

एक तपासणी लोक टाळतात: हेपॅटायटिस बी. 'आम्हाला सी आहे, बी कशाला?' कारण दोन्ही एकत्र असतील तर सी बहुतेकदा बीला दाबून ठेवतो. गोळ्यांनी सी गेला की बी उसळतो, आणि त्यात यकृत निकामी होऊन माणसं दगावलीही आहेत. २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या सगळ्या गोळ्यांवर त्याबद्दल ठळक इशारा छापायला लावला. बी आहे की पूर्वी होऊन गेलाय हे आधी कळलं तर लक्ष ठेवता येतं, गोळी देता येते. आणि कधीच झाला नसेल तर लस घेता येते.

आता माझ्या काउंटरचा विषय, इथे मी जरा रेंगाळणार.

घरातली सगळी औषधं एका पिशवीत घाला आणि डॉक्टरांसमोर ओता. सगळी म्हणजे सगळी. आपल्याकडे 'पित्ताची गोळी' हे औषध धरतच नाहीत. सकाळी चहाच्या आधी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल, कधीकाळी कुणीतरी पाच दिवसांसाठी दिलेलं, ते पाच-पाच वर्षं चालू असतं. वेल्पाटास्व्हिरला विरघळायला पोटात आम्ल लागतं. पित्ताच्या गोळीने आम्ल मारलं की औषध रक्तात कमी उतरतं. मामांना विचारलं, "काही चालू आहे का?" म्हणाले, "काही नाही." उशीखालून पॅनची स्ट्रिप निघाली. ती बंद करता येत असेल तर डॉक्टरांना विचारून बंद करायची. नाहीच जमलं, तर ओमेप्राझोल २० मिलिग्रॅमपर्यंतच, वेल्पाटास्व्हिर जेवणासोबत घेऊन त्यानंतर चार तासांनी. पांढरं पातळ अँटासिड आणि ही गोळी यांतही चार तासांचं अंतर हवं.

टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन, फिट्सवरची कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन ही औषधं शरीरातून विषाणूच्या गोळ्या भराभर काढून टाकतात. त्यांच्यासोबत कोर्स सुरूच करायचा नाही. टीबी असेल तर आधी तो पूर्ण. हृदयाचे ठोके सावरणारं अमियोडॅरोन सोफोसबुव्हिरसोबत घेतल्यास ठोके धोकादायक मंदावू शकतात. कोलेस्टेरॉलच्या गोळीचाही डोस तपासून घ्या. मधुमेह असेल तर घरात ग्लुकोमीटर हवाच. विषाणू हटू लागला की साखर खाली येते, आणि जुन्या डोसवर ती एकदम फार खाली जाऊ शकते.

आणि काढे. कावीळ म्हटलं की आपल्याकडे औषध देणारा प्रत्येक गावात असतो. डोक्यावरून कावीळ उतरवणारे आहेत, पहाटे उपाशीपोटी मुळी देणारे आहेत. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. कोर्सच्या सहा महिन्यांत मात्र काढा नको, कारण एसजीपीटी वर गेलं तर ते कशाने गेलं हेच कळणार नाही.

काविळीचं पथ्य म्हणून तेल-तूप बंद, नुसता उसाचा रस आणि पेज, हेही सोडा. सिऱ्होसिसमध्ये स्नायू झडतात, त्यांना प्रथिनं लागतात: डाळ, अंडी, दूध, मासे, जे चालत असेल ते. रात्री झोपण्याआधी थोडंसं खाणंही चांगलं, म्हणजे रात्रभराचा उपास लांबत नाही. मामींनी दूध-पोहे ठरवलेत. दारू मात्र थेंबभरही नाही.

तिसरा कोर्स कोणता?

'-आस्व्हिर' फसल्यावर जगात आज पहिली पसंती तीन औषधांच्या एका गोळीला आहे: सोफोसबुव्हिर, वेल्पाटास्व्हिर आणि वॉक्सिलाप्रेव्हिर. २०१७ साली तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. आधीचा गोळ्यांचा कोर्स फसलेल्यांत बारा आठवड्यांत ९६ टक्के बरे झाले. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाची २०१८ची मार्गदर्शिका मात्र सोफोसबुव्हिर, डाक्लाटास्व्हिर, वेल्पाटास्व्हिर आणि रायबाव्हिरिन या चारांवर उभी आहे. त्यामुळे अशा रुग्णांसाठी दुसरा मार्ग वापरला जातो: सोफोसबुव्हिर-वेल्पाटास्व्हिर आणि रायबाव्हिरिन, चोवीस आठवडे. त्यात साधारण दहातले नऊ बरे होतात, जिनोटाइप ३ मध्ये थोडे कमी. आधी उपचार फसलेल्यांना जवळच्या सेंटरवरून मॉडेल ट्रीटमेंट सेंटरला पाठवतात, म्हणजे बहुधा मेडिकल कॉलेजला. तिथे जाताना मागच्या कोर्सचं नाव, तारखा आणि तिन्ही टप्प्यांचे (सुरू करण्याआधीचा, संपतानाचा, बारा आठवड्यांनंतरचा) व्हायरल लोड एका कागदावर लिहून न्या. मामांचा तो कागद मी सगळ्यात वर लावला.

त्यांना चोवीस आठवड्यांचा मार्ग सांगितलाय. रायबाव्हिरिनचं नाव ऐकून ते गप्प झाले, कारण २००७. त्यांना सांगावं लागलं की तेव्हाचा ताप आणि ती उदासी मुख्यतः इंजेक्शनची होती. रायबाव्हिरिनचा स्वतःचा त्रास वेगळा आहे. ते तांबड्या पेशी फोडतं, हिमोग्लोबिन पहिल्या महिन्यातच दोन-तीनने उतरू शकतं. धाप लागते, चिडचिड होते, झोप उडते. म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात रक्ततपासणी ठरलेली. दहाच्या खाली गेलं तर डोस कमी करतात, साडेआठच्या खाली गेलं तर थांबवतात. हृदयाचा त्रास असेल तर आधीच सांगायचं, मूत्रपिंड अधू असेल तरीही. आणि गर्भाला ते घातक आहे. रुग्ण बाई असो वा तिचा नवरा, कोर्समध्ये आणि नंतरही दिवस राहू द्यायचे नाहीत: रुग्ण बाई असेल तर किमान नऊ महिने, नवरा असेल तर किमान सहा. तरुण जोडप्यांना हे काउंटरवर सांगताना आवाज खाली जातो, पण सांगावंच लागतं.

गोळी चुकली तर? वेल्पाटास्व्हिरची जोडी ठरलेल्या वेळेनंतर अठरा तासांच्या आत आठवली तर लगेच घ्यायची, त्याहून उशीर झाला तर सोडून द्यायची आणि पुढची वेळेवर. दोन एकदम कधीच नाहीत. घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक घ्यायची. डबा संपायच्या आठवडाभर आधी पुढचा आणायचा, शेवटच्या गोळीची वाट बघत बसायचं नाही.

घरात दाढीचं ब्लेड, नेलकटर, टूथब्रश वेगळे. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एकच संडास वापरल्याने हा विषाणू पसरत नाही. मामांचं पाण्याचं भांडं मामी अठरा वर्षं वेगळं ठेवत आली. त्या दिवशी मी ते मांडणीतल्या बाकीच्या भांड्यांत मिसळून टाकलं. ती काही बोलली नाही, पण तिची स्वतःची आणि मुलांची रक्ततपासणी मात्र करून घ्यायला तयार झाली.

शेवटी तारखा. सहा डबे, १६८ दिवस. या महिन्यात सुरू केलं तर शेवटची गोळी एप्रिलच्या मध्यावर कुठेतरी, आणि खरी तपासणी त्यानंतर बारा आठवड्यांनी, म्हणजे जुलैत. मामांनी बोटांवर महिने मोजले. "म्हणजे वारीच्या आधी का नंतर?" गेली दोन वर्षं ते चालत गेले नाहीत, जेजुरीपर्यंत गाडीने जाऊन परत येतात. भिंतीवरचं कॅलेंडर डिसेंबरात संपत होतं. मामी आतून म्हणाली, "पुढच्या रविवारी येताना नवं कालनिर्णय घेऊन ये. आणि एक फाइलपण आण, बटणवाली."